बी विंगच्या नळाला शून्य मिनिटं

मी संशयी माणूस नाही. दूधवाला माप तिरकं का धरतो, रिक्षावाला भाडं सांगण्याआधी आभाळाकडे का बघतो, आणि शेजारचा माणूस आज विनाकारण 'काय म्हणता' असं का म्हणाला, एवढ्याच गोष्टींचा मी रोज विचार करतो. बाकी सगळ्या जगावर माझा विश्वास आहे. आमची मीना म्हणते, "तुम्ही आरशात बघतानासुद्धा एकदा मागे वळून बघता." बघतो. अंबडच्या एका कारखान्यात आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलं. स्टोअर्सच्या माणसाला संशयाचाच पगार मिळतो. समोरचा नट मागतोय की बोल्ट, यापेक्षा तो का मागतोय हे आधी बघावं लागतं. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काम मात्र चालू राहिलं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या स्वभावाचा काही दोष नव्हता असं माझं मत आहे. सोसायटीचं मत वेगळं आहे आणि ते इतिवृत्तात नोंदवलेलं आहे.

आमची सोसायटी पाथर्डी फाट्याच्या थोडी पुढे. तीन विंगा आणि वर एकच मोठी टाकी. उन्हाळ्यात ती कशीबशी अर्धी भरते, म्हणून प्रत्येक विंगचा वॉल सकाळी ठरावीक मिनिटंच उघडायचा. हे काम वॉचमन वाळूचं. वाळू इगतपुरीकडचा. त्याच्या गावी पावसाळ्यात पाण्याला नको म्हणायची वेळ येते, त्यामुळे पाणी मिनिटांवर मोजून द्यायचं असतं हे त्याला नाशकात आल्यावरच कळलं. तो अंदाजाने वॉल उघडायचा, अंदाजाने बंद करायचा, आणि मध्येच कुणी चहा दिला तर त्या विंगला जरा जास्त पाणी जायचं. हा चहा कोण देतं याच्यावर माझं बारीक लक्ष होतं. बहुतेक वेळा सी विंग देत असे.

सोसायटीच्या पाणी समितीत मी होतोच. शेवटी मी ठरवलं की यातून माणूस काढून टाकायचा. निवृत्तीनंतर मी घरबसल्या पायथॉन शिकलो होतो. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायची एक भाषा. माणसं माझे हुकूम ऐकत नसल्यामुळे मला ती लगेच आवडली. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. टाकीत पाणी किती आहे ते वाळूने त्यात भरायचं आणि कुठल्या विंगचा वॉल किती मिनिटं उघडायचा ते प्रोग्रामने सांगायचं. कुठलं तरी एक माप धरावं लागतं, म्हणून मी आमची ए विंग माप धरली. तिला एक वाटा. सी विंगमध्ये आमच्यापेक्षा माणसं जास्त, तिला सव्वा. बी विंगमध्ये थोडी कमी, तिला पाऊण. प्रोग्राम ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसवला आणि वाळूला सांगितलं, "सकाळी यावर डबल क्लिक करायचं आणि तो म्हणेल तसं वागायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"नाय चालवणार साहेब," वाळू म्हणाला. पुढे सगळा घोटाळा झाला तो वाळूने हा शब्द पाळल्यामुळे.

पहिले काही आठवडे सगळं इतकं सुरळीत चाललं की मलाच त्याचा संशय आला. तिन्ही विंगांना पाणी. भांडण नाही. सोसायटीचे चेअरमन वाल्मीकअण्णा, कांद्याचे व्यापारी, विंचूरला ज्यांच्या शब्दावर लिलाव थांबतो असं ते स्वतः सांगतात, त्यांनी पार्किंगमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून "शाब्बास" म्हटलं. मी लिफ्टमध्ये ताठ उभा राहू लागलो.

आता दाजींबद्दल सांगायला हवं. बी विंगमधले कारभारी बोरस्ते. सोसायटीचे सेक्रेटरी आणि माझे दाजी. रक्ताचे नव्हेत. त्यांच्या पत्नी सगुणाबाई, त्यांना सख्खा भाऊ नाही. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच दिवाळीत त्यांनी मला पाटावर बसवून ओवाळलं, आणि तेव्हापासून मी त्यांचा भाऊ, कारभारी माझे दाजी आणि त्यांची हर्षाली माझी भाची. हर्षाली लहानपणी आमच्याच घरी जेवायची, कारण मीना भाजीत गूळ घालते.

त्या हर्षालीचं लग्न ठरलं होतं. मुलगा पिंपळगाव बसवंतचा, रोहित, द्राक्षवाल्यांच्या घरातला. दोघांनी आपापलंच जमवलं होतं. हर्षालीने वडिलांना एकच अट घातली. पत्रिका बघायची नाही. "बघितलीत असं मला कळलं, तर मी बोहल्यावर चढणार नाही," म्हणाली. आणि ती जे म्हणते ते करते, हे तिला लहानपणी कारलं खाऊ घालायचा प्रयत्न केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. साखरपुड्यात दाजींनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, "आम्ही पत्रिका-बित्रिका मानत नाय. पोरीला शब्द दिलाय." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

लग्नात मामा म्हणून हर्षालीला बोहल्यापर्यंत नेऊन तिच्या पाठीशी मी उभं राहायचं, हे ती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं. मीना भाजी आणायला गेलेली असताना मी एकदा फेटा बांधून आरशात बघितलंसुद्धा होतं. मागे वळून न बघता.

तर एके दिवशी सकाळी पिंपळगावची मंडळी दाजींकडे आली. लग्नाची शेवटची बोलणी होती. उन्हातून आलेल्या रोहितच्या आत्याबाई तोंड धुवायला मोरीत गेल्या, तोंडाला साबण लावला, नळ सोडला आणि नळाने फक्त हवा सोडली. त्या डोळे मिटून "अगं पाणी, अगं पाणी" करत बाहेर आल्या आणि थेट दाजींच्या अंगावर गेल्या. बी विंगमध्ये त्या दिवशी कुणालाच थेंब मिळाला नव्हता. आमच्या ए विंगमध्ये मात्र मी त्याच वेळी शॉवरखाली अभंग म्हणत होतो, आणि तो म्हणे बी विंगपर्यंत ऐकू गेला.

दाजी तसेच आमच्या दारात. "महेशराव, हे काय चाललंय?"

मी धावत ऑफिसात गेलो, दाजी मागोमाग. वाळू शांत बसला होता. "साहेब, त्यानं बी ला शून्य सांगितलं. मी शून्य सोडलं."

"शून्य सोडलं म्हणजे?"

"म्हंजे वॉलला हातच नाय लावला."

मी कॉम्प्युटरवर माझी पायथॉनची खिडकी उघडली, प्रोग्राम त्यात घेतला आणि चालवला. ए विंगला एक वाटा, बी ला पाऊण, सी ला सव्वा. सगळं बरोबर. दाजींना दाखवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर पडले. मी वाळूला दम भरला आणि वॉल उघडायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बी ला शून्य. मी गेलो, चालवला, पाऊण. तिसऱ्या दिवशी तेच. मी बसलो की बरोबर, मी नसलो की शून्य. आणि आमच्या ए विंगला रोज पुरेपूर पाणी. आता हे माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाबाबत घडलं असतं, तर मी त्या माणसाला केव्हाच पकडला असता. बी विंगने नेमकं तेच केलं. लिफ्टपाशी माझ्या पाठीमागे कुजबुज सुरू झाली. सगुणाताईंकडून यायची थालीपिठं बंद झाली.

पण मला माहीत होतं की मी काही केलेलं नाही, म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने केलेलं आहे. मी स्टोअर्सच्या पद्धतीने तपासाला लागलो. पहिला संशय वाळूवर. त्याला मी सकाळी अचानक गाठलं आणि म्हटलं, "खरं सांग, तुला कोण चहा देतं?" तो घाबरून म्हणाला, "सगळेच देतात साहेब, तुम्ही सोडून." हा जबाब मी नोंदवला नाही.

तपास चालू आहे हे कळल्यावर सल्ल्यांना पूर आला. वाल्मीकअण्णा म्हणाले, "कांद्याच्या धंद्यात मी एक शिकलो. ट्रॉलीचा वरचा थर बघायचा नाही. खाली हात घालायचा. तुमच्या प्रोग्रामात खाली हात घाला." मी म्हटलं, प्रोग्रामला खालचा थर नसतो. ते म्हणाले, मग तो कुणी घेतला कसा. आमच्या विंगमध्ये योगाचे वर्ग घेणाऱ्या स्नेहलताई ऑफिसात येऊन उत्तर-दक्षिण बघून गेल्या आणि कॉम्प्युटर आग्नेयेला ठेवल्यामुळे पाण्याला त्रास होतोय, असं निदान केलं. मी तो नैर्ऋत्येला सरकवला, तर वायर पुरेना.

कॅमेऱ्याचं चित्रण मागवावं म्हटलं, तर सोसायटीचा नियम असा निघाला की अर्ज सेक्रेटरीकडे द्यायचा, त्यांनी शिफारस करायची आणि ज्याच्यावर संशय आहे त्याची ना-हरकत जोडायची. एव्हाना माझा संशय खुद्द सेक्रेटरींवर गेला होता. शेवटी अण्णांच्या अधिकारात चित्रण मिळालं. मागे कुणीतरी स्नेहलताईंच्या स्कूटरवर ओरखडा काढला होता, तेव्हापासून कॅमेरा ऑफिसाऐवजी त्या स्कूटरकडे वळवलेला होता. मी संपूर्ण दुपार स्कूटर बघितली. तिच्या हालचाली निर्दोष होत्या.

मग मी एका सरकारी कचेरीत तक्रार द्यायला गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "चोरीला काय गेलं?" मी म्हटलं, पाणी. "टाकी कोणाची?" आमची. "वॉल?" आमचा. "वॉचमन?" आमचा. "आणि पाणी कुठे गेलं?" आमच्याकडे. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "काका, उन्हातून आलात, पाणी घ्या."

आता दाजींवर संशय का, ते सांगतो. स्वतःच्याच विंगचं पाणी माणूस कशाला तोडेल, असं मीनाने विचारलं. तिला डाव कळला नव्हता. स्वतःचं पाणी तोडायचं, आळ माझ्यावर आणायचा आणि पाणी समितीतून मला हाकलायचं. केवढा खोल विचार. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. पाणी तुटायला लागलं त्याच्या आधीच्या दुपारी मी ऑफिसात सहज डोकावलो होतो. दार आतून लावलेलं, पडदे ओढलेले. दार वाजवल्यावर बऱ्याच वेळाने दाजींनी उघडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांनी चक्क आपला टॉवेल टाकला होता.

"काय चाललंय दाजी?"

"काय नाय. लाईटबिल बघत होतो."

"टॉवेलखाली?"

"डोळ्यावर येतंय ना उजेड," म्हणाले, आणि मला दारातूनच परत लावलं.

हे आठवलं आणि मी तडक दाजींकडे गेलो. खरं तर जायला नको होतं. सगुणाताई पापड वाळत घालत होत्या, हर्षाली फोनवर होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "दाजी, त्या दुपारी तुम्ही माझ्या प्रोग्रामला हात लावला होता का?"

दाजींचा चेहरा पडला, मग लाल झाला. "महेशराव, लय झालं आता. पाव्हण्यांसमोर माझी शोभा झाली. पाणी तुमच्याकडं, अन् चोर मी? पोरीच्या हळदीला पण नळ कोरडाच ठेवायचा विचार दिसतोय तुमचा."

"तसं नाही दाजी..."

"नाय, ऱ्हाऊ द्या. लग्नात मामा म्हणून उभं राहायला मी दुसरा माणूस बघतो."

सगुणाताईंच्या हातातला पापड तसाच राहिला. हर्षाली "बाबा" म्हणाली, पण दाजी आत निघून गेले. मी घरी आलो आणि जेवलो नाही. मीनाने विचारलं तर म्हटलं भूक नाही. मला रडू येत होतं हे मी तिला सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही, तिने फक्त पंखा वाढवला. समिती गेली खड्ड्यात, प्रोग्राम गेला खड्ड्यात. पण त्या पोरीच्या पाठीशी दुसरं कुणीतरी उभं राहणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

बंगळुरूला आमची मुलगी निकिता कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तिला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, माणसांवर कशाला संशय घेता? त्या कॉम्प्युटरवर दोन पायथॉन असतील. तुम्ही तुमच्या खिडकीतून चालवता तेव्हा एक वाचतो, वाळूकाका डबल क्लिक करतात तेव्हा दुसराच वाचतो."

"एका प्रोग्रामला दोन वाचणारे?"

"हो. प्रोग्राम म्हणजे नुसता कागद. तो वाचून कामाला लावणारा वेगळा असतो. जुना आणि नवा एकच ओळ वेगळी वाचू शकतात. जुना पायथॉन पूर्ण आकड्यांचा भागाकार करताना अपूर्णांक टाकून देतो. पाऊण आलं तर शून्य म्हणतो, सव्वा आलं तर एक."

"मग मी कसं ओळखायचं कोण वाचतोय?"

"प्रोग्रामलाच विचारायचं. एक ओळ सांगते, ती वर घाला. जो कोणी वाचत असेल तो स्वतःचा पूर्ण पत्ता पडद्यावर छापेल."

हे मला पटलं, कारण मी नाशिकचा आहे. रामकुंडावर परगावचा माणूस उतरला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय, तुमचे उपाध्ये कोण? मंत्र सगळ्यांचे तेच, पण प्रत्येक घराण्याचे गुरुजी ठरलेले, आणि ज्याचे त्याने करायचे. भलत्याच गुरुजींनी संकल्प सोडला की पुढे दोन गुरुजींमध्ये काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या प्रोग्रामचं तेच झालं होतं. कुणीतरी भलतेच गुरुजी येऊन बसले होते. आता ते कुठल्या घरातून आले, एवढंच विचारायचं होतं. कारण त्यांना आणून बसवणारा माणूस कुणीतरी असणारच, आणि माझा संशय त्याच्यावरून हललेला नव्हता.

पण ओळ घालायला ऑफिसात जाता येईना. बी विंगच्या मागणीवरून अण्णांनी विशेष सभा बोलावली होती आणि सभेपर्यंत कुणी काही फिरवाफिरवी करू नये म्हणून ऑफिसाच्या दाराला चिकटपट्टी लावून वर सह्या केल्या होत्या. वॉल पुन्हा वाळूच्या अंदाजावर. सभा शनिवारी संध्याकाळी, हळद रविवारी. मी नोटीस बोर्डावर लिहून लावलं की सभेत सर्वांसमक्ष अपराध्याचं नाव कॉम्प्युटर स्वतः सांगेल. हे लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

शनिवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. कॉम्प्युटर बाहेर आणून टेबलावर ठेवला, पडदा माझ्याकडे तोंड करून. स्नेहलताईंनी टेबल ईशान्येला आहे ना ते पाहून घेतलं. दाजी पहिल्या रांगेत, माझ्याकडे न बघता. आणि अगदी शेवटी, खांबाला टेकून हर्षाली. हातावर मेंदी, बाह्या वर सरकवलेल्या. नवरीने अशा वेळी घराबाहेर पडू नये असं सगळ्यांनी सांगितलं असणार. मामा आणि बाबा भांडतायत म्हणून ती आली होती.

मी छोटंसं भाषण केलं. मग एक ओळ वर लिहिली आणि बाजूला झालो. "वाळू, रोजच्यासारखं कर."

वाळूने शर्टाला बोट पुसलं आणि डबल क्लिक केलं.

पडद्यावर काळी खिडकी उघडली. पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याचा पत्ता छापला गेला. मी चष्मा वर केला आणि वाचलं. सी ड्राइव्ह. त्यात 'कुंडली मिलन' नावाचं फोल्डर. त्यात जुना पायथॉन. खाली बी विंगला शून्य.

मला टॉवेल आठवला. ओढलेले पडदे आठवले. कुंडलीचा तो प्रोग्राम येताना आपला जुना पायथॉन सोबत घेऊन आला होता, आणि यापुढे डबल क्लिक केलेलं सगळं मीच वाचणार असं कॉम्प्युटरला परस्पर सांगून बसला होता. माझ्या प्रोग्रामला दाजींनी बोटही लावलं नव्हतं. त्यांनी फक्त लेकीची पत्रिका जुळवली होती, चोरून.

"काय आलं?" अण्णा म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

मी मान वर केली. दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांना पायथॉन कळत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय कळायचं ते कळलं. खुर्चीच्या दांडीवर त्यांचे दोन्ही हात घट्ट होते. मागे खांबापाशी हर्षाली पायाच्या बोटांवर उभी राहून पडदा दिसतो का ते बघत होती.

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. निर्दोष सुटायला दोन शब्द पुरे होते. बी विंगने माझी माफी मागितली असती, लिफ्टमध्ये मी पुन्हा ताठ उभा राहिलो असतो. आणि उद्या हर्षालीने मेंदीचे हात धुऊन टाकले असते. मग कोणाच्या पाठीशी उभा राहणार होतो मी?

मी काळी खिडकी बंद केली. "माझंच नाव आलं," मी म्हटलं. "भागाकार लिहिताना मी चूक केली होती. बी विंगचं पाऊण माझ्या हातून शून्य झालं. बाकी कोणाचा काही संबंध नाही."

पार्किंगमध्ये सगळे एकदम बोलू लागले. बी विंग म्हणाली, आम्ही म्हणतच होतो. स्नेहलताई म्हणाल्या, आग्नेयेचं मी आधीच सांगितलं होतं. अण्णांनी ठराव मांडला की श्री. महेश कुलथे यांना पाणी समितीतून मुक्त करावं, प्रोग्राम बंद करावा आणि वॉल पूर्वीप्रमाणे वाळूच्या अंदाजाने उघडावा. ठराव एकमताने मंजूर झाला. माझाही हात वर होता. तेवढ्यात भेळभत्त्याच्या पुड्या आल्या आणि लोकशाही तिकडे वळली.

सगळे भेळभत्ता खात असताना 'प्रोग्राम कायमचा काढतो' म्हणून मी कॉम्प्युटरपाशी बसलो. कुंडलीचं फोल्डर उघडलं. आत दोन नावं, जन्मवेळा, आणि खाली निकाल: छत्तीसपैकी सतरा गुण. लग्नाला किमान अठरा लागतात म्हणतात. मी तोच हिशेब नव्या पायथॉनवर चालवून पाहिला. मग सगळं फोल्डर जुन्या गुरुजींसकट पुसून टाकलं.

घरी येऊन मी चपला काढतोय तोच मागोमाग दाजी दारात. आत येईनात. चपलांच्या कपाटावरच बसले.

"पडद्यावर काय आलं होतं?"

"भागाकार."

"महेशराव, खरं बोला."

"कुंडली आली होती," मी म्हटलं.

दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "विंचूरच्या एका दोस्तानं पेनड्राइव्हवर दिलं. घरच्या कॉम्प्युटरवर टाकलं असतं तर पोरीनं बघितलं असतं. अन् नाशकात ज्योतिषाकडं जावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं. शब्द दिला होता, पण बापाचा जीव राहिना. म्हटलं, नुसतं बघतो. अन् बघितलं तर सतरा." त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "त्या दिवसापासून घास उतरत नाय मला. एका गुणानं कमी. सगुणीला सांगता येईना, पोरीला सांगता येईना. तुमच्यावर ओरडलो, ते खरं त्या सतरावर ओरडलो."

एवढा मोठा माणूस, पण तिथं कपाटावर बसून अगदी लहान दिसत होता. मला त्याच्यावर इतके दिवस घेतलेल्या संशयाची लाज वाटली.

"दाजी," मी म्हटलं, "तुमच्या दोस्ताचा पायथॉन जुना होता. त्याला अपूर्णांक कळत नाही. बी विंगचं पाऊण त्याने शून्य केलं, तसाच पत्रिकेतला अर्धा गुणही त्याने टाकून दिला. मी नव्यावर चालवून पाहिलंय."

"मग? किती?"

"अठरा."

"पक्कं?"

"कॉम्प्युटरचा हिशेब आहे. मी बाकी सगळ्यांवर संशय घेतो, त्याच्यावर नाही."

दाजींनी टोपी घातली. मग उठून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "पाव्हणं, उद्या हळदीला लवकर या. अन् फेटा आमच्याकडंच बांधायचा, घरी आरशात नाय." म्हणजे मीनाने मागून पाहिलं होतं आणि त्यांच्याकडे बोललीही होती. या घरात कुणावर म्हणून विश्वास ठेवावा.

लग्न पिंपळगावच्या एका लॉनवर झालं. रोहितच्या आत्याबाईंनी येताना घरून पाण्याची बाटली आणली होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत हातातून खाली ठेवली नाही. मी फेटा बांधून हर्षालीच्या पाठीशी उभा राहिलो. अंतरपाट धरला गेला. समोर दाजी अक्षता हातात घेऊन, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सगुणाताई डोळे पुसत होत्या. मीना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मंगलाष्टकांच्या आवाजात माझ्या कानाशी लागली.

"काय हो, त्या दिवशी मी आतून सगळं ऐकत होते. अर्धा गुण टाकून दिला होता म्हणालात ना?"

"हो."

"एकच?"

"एकच."

"मग सतरा आणि अर्धा, साडेसतरा होतात. अठरा कुठून आले?"

मी पुढे बघितलं. हर्षालीच्या खांद्यावरचा शालू सरकला होता, तो नीट केला.

"सतरा जुन्याने दिले," मी म्हटलं, "अर्धा नव्याने. उरलेला अर्धा मामाचा आहेर."